बोल्टावरची काडेपेटी

मेस्त्री विडी ओढत नव्हते, तरी त्यांच्या खिशात कायम काडेपेटी असायची. पितळेचा पत्रा मशीनवर चढवून चारी क्लॅम्प आवळले, की ते ती बाहेर काढायचे. सगळ्यात उंच बोल्टाच्या डोक्यावर आडवी ठेवायचे आणि कोरायचा कटर तिच्यावरून अलगद फिरवून बघायचे. पेटी हलली नाही तरच काम सुरू. "आधी वर, मगे फुडे," म्हणायचे.

मालवणात भाताच्या गिरणीला लागून त्यांची खोली. दोन्हींचा मालक एकच. गिरणीच्या इंजिनावरून पट्टा आत घेऊन नावं कोरायचं मशीन चालवलेलं. डाव्या हाताने साच्यातल्या अक्षरावरून टोचा फिरवायचा, की दुसऱ्या बाजूला कटर तेच अक्षर पितळेत कोरतो. अक्षर संपलं की उजव्या हाताने दांडा दाबून कटर उचलायचा आणि पुढच्या जागी न्यायचा. किती उचलायचा ते एका स्क्रूने ठरतं. उचल कमी पडली आणि वाटेत क्लॅम्प आला, तर धडक.

बाकीचे कारागीर जवळचा क्लॅम्प बघून उचल ठरवत असतील. मेस्त्री सगळ्यात उंच बघायचे, मग तो कटरच्या वाटेत असो वा नसो. त्यात वेळ जायचा. एकदा एक निवृत्त कारकून नावाच्या पाटीसाठी घाई करत होते. मेस्त्री शांतपणे म्हणाले, "तुमचां नाव पळान जाता काय? साठ वर्सां तुमच्याकडेच आसा ना?"

त्यांची बायको मला सांगायची, "जेवताना पण ह्येंचो हात आधी वर, मगे तोंडाक. कढी थंड जाता!"

मी तेव्हा बावीस वर्षांचा. पत्रकं काढायचो. तुमच्यापैकी काहींच्या हातात ती पडली असतील. मथळ्याला उद्गारचिन्ह नसलं तर मला पत्रक अर्धवट वाटायचं. मेस्त्री मला "पुढारी" म्हणायचे आणि हसायचे. मला तो शब्द आवडायचा. हसणं मी ऐकलंच नाही.

त्या वर्षी खाडीत होडी उलटली. पाच माणसं गेली. उतरायला धक्का नाही म्हणून गेली, असं आमचं म्हणणं होतं. आजही आहे. मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्या सकाळी पाच नावांची पितळी पाटी काठावर ठोकायची, असं मी ठरवलं. मेस्त्रींनी पाचही नावं कोरली. आदल्या दिवशी दुपारी त्याच होडीतली, दवाखान्यात असलेली एक बाईही गेली. तिचं नाव खाली कोरायचं, तर पत्रा सरकवायला हवा, क्लॅम्प पुन्हा लावायला हवेत.

तीन क्लॅम्प बसले. चौथ्याच्या बोल्टाचे आटे झिजलेले. "थांब, इंजिन बंद करू नको म्हणान सांगान येतंय," म्हणून मेस्त्री गिरणीत गेले. मी थांबणारा नव्हतो. डब्यातून एक बोल्ट शोधला आणि पान्याने आवळून टाकला. तो इतरांपेक्षा अर्धं बोट लांब होता. लांब आहे हे मला दिसत होतं. त्याने काय होतं, हा प्रश्न मला पडला नाही.

मेस्त्री परत आले. "ह्यो कोणी आवळलो?"

"मी. घट्ट आसा. चला आता."

त्यांचा हात खिशाकडे गेला.

"मेस्त्रीनू, माणसां बुडान मेली, आणि तुमका काडेपेटी सुचता?"

मी हे ओरडून बोललो. गिरणीत भात घेऊन आलेली माणसं दारात डोकावली. मेस्त्रींचा चेहरा उतरला. हात खिशातून रिकामाच बाहेर आला. "बरां बाबा," म्हणाले.

तिसऱ्या अक्षरानंतर कटर बोल्टावर आदळला. खट्ट, एवढाच आवाज. कटरचं टोक तुटून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं. डोळा वाचला नाही.

आठवड्याच्या आत माझं पत्रक निघालं. 'मालकाच्या हव्यासाने कारागिराचा डोळा घेतला!' मालकाने डोळ्यांवर घालायला चष्मा दिला नव्हता, हे खरं होतं. त्या एका खऱ्या ओळीच्या आडोशाला मी बोल्ट लपवला.

मी भेटायला गेलो तेव्हा पत्रक त्यांच्या हातात होतं. कागद नाकाशी धरून त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"बरां लिवलंस. पण बोल्ट खंय रवलो?"

मी पत्रक त्यांच्या हातातून घेऊन त्याची घडी घातली.

"माका तुझो राग नाय रे. पण मालक भियालो. मशीन इकतंय म्हणता. एका डोळ्यान माझां काम चलतलां. खरां काय ता तू लिव. तो मशीन ठेवतलो."

"लिवतंय," मी म्हणालो.

धक्क्याची सभा तोंडावर होती. बोल्ट मी लावला होता असं छापलं असतं, तर धक्का नको असलेल्या होड्यांच्या कंत्राटदाराच्या माणसांनी मला व्यासपीठावर उभं राहू दिलं नसतं. आधी सभा, मग खुलासा, असं मी स्वतःला समजावलं. सभा झाली, दुसरी ठरली. तेवढ्यात ट्रक आला आणि मशीन कोल्हापूरला गेलं. मालकाने ते विकलं म्हणून मी आणखी एक पत्रक लिहायला घेतलं होतं. तेवढं मात्र फाडलं.

धक्का झाला. पाटी तिथेच आहे. सहाव्या नावाची तीन अक्षरं कोरलेली, उरलेलं नाव आम्ही रंगाने लिहिलं. ते पावसात पुसतं, मी पुन्हा लिहितो. लोकांना वाटतं, केवढी आठवण ठेवतो हा त्या बाईची!

मेस्त्री फोंडाघाटला मुलीकडे राहायला निघाले, ते मला उशिरा कळलं. स्टँडवर पोचलो तेव्हा ते एसटीत बसले होते, खिडकीशी. मी गाडीच्या उजव्या अंगाला उभा होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. त्या डोळ्याने त्यांना मी दिसत नव्हतो. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने मला पाहिलं. ती त्यांना काही बोलली नाही.

एक हाक मारायची होती. सभेत माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. कंडक्टरने घंटा दिली, गाडी हलली, आणि मेस्त्री सरळ समोर बघत माझ्या पुढून निघून गेले.