थंड पाय

तात लिबोरिओ चाब्ले यांच्या हाताला गुण होता, हे मी आजही नाकारत नाही. पाकट माशाच्या काट्याने फाडलेली माझ्या नवऱ्याची पोटरी त्यांनीच कांदळाच्या सालीच्या काढ्याने धुऊन भरून आणली. साल सोलण्याआधी ते झाडाची परवानगी मागायचे आणि उगवतीच्या बाजूचीच साल घ्यायचे. आमच्या माया लोकांच्या भाषेत तात म्हणजे बाप. गावातली अर्धी माणसं त्यांना बापच मानत होती, आणि त्यांनाही ते आवडत असे.

मेरिदा शहरातल्या विद्यापीठातली एक मुलगी ती साल घेऊन गेली होती. परत आली तेव्हा म्हणाली, "तात, काचेच्या बशीत तुमच्या सालीभोवतीचे जंतू मरतात. पण बशीत हं! माणसाचं मला अजून ठाऊक नाही." तातांनी पहिलं वाक्य गावभर सांगितलं आणि दुसरं गिळून टाकलं.

मग त्यांच्या बायकोच्या, नेमेसियाच्या, टाचेत शिंपला घुसला. तिला साखरेचा आजार. जखम भरेना. तातांनी पाय हातात घेतला तर तो बर्फातल्या मासळीसारखा गार. आमच्याकडे दुखणी दोनच, गरम आणि थंड. थंड दुखण्याला गरम औषध, हे शेंबडं पोरही सांगेल. कांदळाची साल पडली थंड गुणाची, म्हणून ती बाजूला राहिली. तातांनी वाळूच्या टेकडीवरून सिकिमाय नावाच्या गरम गुणाच्या झुडपाचा रुपेरी पाला आणला आणि तव्यावर तापवून टाचेला बांधला.

"भाजतंय का गं, म्हातारे?"

"छे! काहीच कळत नाही. तवाही तुझ्यासारखा थंड पडला वाटतं."

दोघं हसली. दुसऱ्या दिवशी तातांनी पाला आणखी तापवला, आणि मग रोजच थोडा जास्त.

पुढे घरात शिरलं की वास यायला लागला. मी म्हटलं, "तात, तिला मेरिदाला न्या हो."

"फिदेन्सिया, तुझ्या नवऱ्याचा पाय मेरिदाने वाचवला होता का?"

मला त्या माणसाचा संताप आला, तो अजून गेलेला नाही.

शेवटी त्यांची लेक रेमिहिया आली आणि तिने पट्टी सोडली. आतलं मांस शिजलं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जिचं जळत होतं तिलाच कळलं नव्हतं. लेकीने आईला मेरिदाला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, साखरेने पायाच्या नसा मेल्या होत्या, रक्त पोचत नव्हतं, म्हणून पाय गार होता. गुडघ्याखाली कापावा लागला. तात टोपी हातात घेऊन भिंतीशी उभे होते, आणि रेमिहियाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर कोणी जखम घेऊन आलं की तात म्हणायचे, "डॉक्टरकडे जा." टेकडीकडे जाणंही त्यांनी सोडलं. दारात बसून राहायचे.

एका दुपारी मी नेमेसियासाठी काळ्या घेवड्याचं कालवण घेऊन गेले. ती घरात टांगलेल्या जाळीच्या झोळीत पडली होती, कपाळावर घाम.

"लिबो," तिने हाक मारली, "पाय पेटलाय रे."

तात धडपडत उठले. "कुठला?"

"तोच. नसलेला. इतके दिवस मेल्यासारखा पडला होता, आता नुसती आग आग होतेय."

तात बाहेर पडले, ते थेट किनाऱ्याकडे. परतले तेव्हा हातात मर्यादवेलीची पानं होती. ती त्यांनी माठाच्या पाण्यात बुडवली. गरम दुखण्याला थंड औषध. मग ओली पानं घेऊन झोळीपाशी आले आणि तसेच उभे राहिले.

"ठेव ना," ती म्हणाली.

"कुठे ठेवू, नेमे?"

तिने बोटाने दाखवलं. तातांनी झोळीच्या रिकाम्या जाळीवर एकेक पान पसरलं. पाणी खाली जमिनीवर गळायला लागलं.

"अजून थोडं खाली," नेमेसिया डोळे मिटून म्हणाली. "टाच तिथे आहे."

तातांनी पानं खाली सरकवली.