गाळा नंबर चार

१२ मे, यवतमाळ. सकाळपासून जिन्याची मापं घेते आहे. टेपचं एक टोक भिंतीला, दुसरं कठड्याला. रुंदी दोन फूट अकरा इंच. वळणावर तर माणसाला बादली घेऊन फिरतानाही कोपर आवळून घ्यावं लागतं. हे माप मला नवीन नाही. नकाशात ते मीच पास केलं होतं.

मापं घ्यायला कारण झालं. गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर वारले. या जिन्यात तिरडी वळत नाही. म्हणून ती खाली रस्त्याच्या कडेला बांधली आणि मास्तरांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, धोतराने बांधून चौघांनी खाली नेलं. माझी आई तिसऱ्या मजल्यावर राहते. ती कठड्याला धरून पाहत होती. त्याच दुपारी तिचा मला पुण्याला फोन आला.

"बेबी, मास्तरले खुर्चीवर नेलं. मले बी तसंच न्या लागन. फक्त ते निळी खुर्ची नको घेऊ, तिचा एक पाय तडकेल हाय."

मग म्हणाली, "पन त्याच्या आंधी, जिती असतानी एकडाव मले खाली ने."

आई पंधरा महिने खाली उतरलेली नाही. गुडघे गेलेत आणि डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन तिच्या हृदयाला झेपणार नाही. लिफ्टच्या जागी प्रत्येक मजल्यावर एक प्लायवूडचा तुकडा ठोकलेला आहे. मी रजा टाकली आणि आले.

तीस वर्षांपूर्वी मी याच जागेवरून निघाले. तेव्हा इथे तीन खोल्या होत्या, वर टिनाचे पत्रे, समोर अंगण आणि अंगणात नळ. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी दारव्हा रोडला प्लॉट घेतला तेव्हा ऑफिसातले लोक म्हणायचे, साहेब जंगलात राहायला चालले. मी बी.कॉम. झाले आणि पुण्यात एका बिल्डरच्या ऑफिसात टायपिंगचं काम मिळालं. इथून एसटीने धामणगाव आणि तिथून रेल्वे. बाबांनी ट्रंक उचलली. आई स्टँडवर आली नाही, कारण त्या दिवशी नळ होते. तेव्हाही आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा यायचे, आणि तो दिवस चुकला की पुढचा आठवडा दुसऱ्याच्या दारात बादली घेऊन उभं राहावं लागायचं. ती हातात पाइप धरून ड्रमपाशी उभी होती. मान वर न करता म्हणाली, "जाय लवकर. मले आज नळ हाय."

माझ्यासारखे जे निघाले, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे पदराने डोळे पुसणाऱ्या आईची आठवण असेल. माझ्याकडे अर्ध्या भरलेल्या ड्रममध्ये पाणी पडल्याचा आवाज आहे. बाबा स्टँडवर इतकंच म्हणाले, "पोचली की शेजारच्या दुकानात फोन कर. आन् वाचल्याशिवाय कोन्या कागदावर सही करजो नको." ते मी आयुष्यभर पाळलं. माझ्या शब्दावर बाकीच्यांनी मात्र न वाचता सह्या केल्या.

पुण्यात टायपिंगवरून मी विक्रीत गेले आणि विक्रीतून प्लॅनिंगमध्ये. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट असे प्रोजेक्ट आम्ही करतो. फ्रंटेज, फुटफॉल, कार्पेट एरिया हे शब्द माझ्या तोंडात इतके बसले की यवतमाळला आले की रस्त्याच्या कडेचं प्रत्येक अंगण मला फुटांत दिसायला लागलं. रस्ता रुंद झाला, बायपासकडे शोरूम आल्या, शाळा-कोचिंगवाले आले. वाढतं शहर, असं मी माझ्या ग्राहकांना सांगत असे. तेच मी घरीही सांगितलं.

तेव्हा बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. धाकटा भाऊ दिनेश आणि त्याची बायको दोघं नोकरी करतात, आई त्यांच्याजवळ. अंगणात खाटेवर लॅपटॉप ठेवून मी तिघांना चित्र दाखवलं. तळमजल्यावर सहा गाळे, वर ऑफिसं, त्यावर फ्लॅट. जागा आपली, बांधणार बिल्डर. आपल्या वाट्याला दोन गाळे आणि एक फ्लॅट. दिनेश खूश झाला. आईने चित्र बराच वेळ पाहिलं आणि एकच अट घातली.

"मले खोली खालीच पाह्यजे. दार अंगनात उघडलं पाह्यजे, आन् नळ हाताशी."

पहिल्या नकाशात ती खोली होती. मागच्या बाजूला, दहा बाय बारा. बिल्डर म्हणाला, मॅडम, या खोलीपायी एक गाळा जाते. तो खोटं बोलत नव्हता. रस्त्याकडच्या साठ फूट फ्रंटेजमध्ये खोलीसाठी वाट सोडायची म्हणजे एका दुकानाची रुंदी जाते. पुण्यात मी कुठल्याही मालकाला जे सांगितलं असतं तेच आईला सांगितलं. तळमजल्यावर कोणी झोपत नाही, आई. तळमजला धंद्यासाठी असतो. लिफ्ट असते, बटन दाबलं की खाली.

"लाइन गेली तं?"

"जनरेटर असतो."

"तू म्हनतं तं कर," ती म्हणाली आणि चष्मा न लावता सही केली. पूर्ण नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट.

त्यानंतर गाळे थोडे रुंद व्हावेत म्हणून जिना नऊ इंचांनी कमी केला. बिल्डरने नकाशा पाठवला, मी पुण्यातून उत्तर दिलं, चालेल. त्या नऊ इंचांपायी मास्तरांची तिरडी जिन्यात वळली नाही.

गाळे रिकामे आहेत. सहापैकी एकात झेरॉक्सवाला आहे, तोही दुपारी बंद. आमच्यासारखी कॉम्प्लेक्सं या रस्त्यावर ओळीने उभी आहेत, सगळ्यांचे शटर खाली आणि सगळ्यांवर तेच 'भाड्याने देणे आहे'चे बोर्ड. मला हे कळायला हवं होतं. याच रस्त्यावरच्या बोरी अरबसारख्या गावचा माणूस यवतमाळला येतो तो दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, लग्नाच्या कपड्यांसाठी. त्याला परतीची गाडी धरायची असते, म्हणून त्याचं दुकान स्टँडच्या आसपासच असतं. पुण्यातल्यासारखं घराखाली उतरून कॉफी प्यायला इथे कोणी उतरत नाही. लहानपणी मी या गावात पिशवी घेऊन बाजाराला जात होते. मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. मी विसरले, किंवा विकता विकता मलाच माझं बोलणं पटत गेलं.

गाळे विकले गेले नाहीत म्हणून बिल्डरने लिफ्ट थांबवली आणि तो दुसऱ्या साइटवर गेला. काल मी त्याला फोन केला.

"मॅडम, दिवाळीपर्यंत करून टाकू."

"मागच्या दिवाळीला हेच म्हणालात."

"तुम्ही तं आपल्याच लायनीतल्या हात. तुमाले काय सांगा लागते?"

खरंच होतं. अशी उत्तरं मी स्वतः दिलेली आहेत. फोन ठेवला.

आई दिवसभर गॅलरीच्या जाळीपाशी बसते. भाजीवाला खाली हाक देतो, ती दोरीने पिशवी सोडते. काल तो पिशवीत वांगी भरत होता आणि ही वरून ओरडली, "वर येईस्तोर तुहे वांगे म्हातारे होतेत रे! हिरवे देठ पाहून टाक!" तो खालून म्हणाला, "माय, तूच खाली ये न मंग निवडाले!" दोघंही हसले. पूर्वी तो अंगणात टोपलं टेकवायचा आणि दोघांचं अर्धा तास भांडण चालायचं.

जेवताना मी म्हटलं, माझ्याकडे चल. पुण्याला लिफ्ट आहे, चालू आहे.

"कितवा मजला?"

"अकरावा."

"म्हंजे अजून वर," ती म्हणाली आणि भातावर वरण घेतलं. विषय संपला.

टेप गुंडाळताना आज मला कळलं की मी जिना मोजत बसले होते आणि उत्तर जिन्यात नव्हतं. आमच्या वाट्याचे दोन गाळे आहेत, तीन आणि चार. चार नंबरचा गाळा बरोबर तिथे येतो जिथे आईचं स्वयंपाकघर होतं. त्याच्या मागच्या भिंतीला जुनं नळ कनेक्शन अजून तसंच आहे. संडास मागे, वापराविना कुलपात. गाळ्याला खिडकी नाही. मे महिन्यात शटर तव्यासारखं तापतं. हे घर नव्हे, आणि तसं मी कोणाला भासवणारही नाही. घर मी मोडलं. मी गेले तेव्हा नाही मोडलं, परत आले तेव्हा मोडलं, नकाशा घेऊन. जे गावातच राहिले त्यांना एवढं सांगते, आमच्यासारखे पुण्याहून लॅपटॉप घेऊन आले की आधी विचारा, तुम्ही इथे राहणार आहात का.

संध्याकाळी दिनेशला सांगितलं. तो गडबडला.

"ताई, तो कमर्शियल हाय. लोक काय म्हनतीन, मायले दुकानात ठेवलं? आन् गिऱ्हाईक आलं तं?"

"दोन वर्षांत आलं का एक तरी?"

"पन आलं तं?"

"आलं तं त्याले तिसऱ्या मजल्यावर पाठव. तिथं जागा रिकामी होईन."

त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली आणि तिनेच संडासाची किल्ली शोधून आणली. रात्री आईसोबत कोण झोपणार हेही तिनेच ठरवलं, एक दिवस ती, एक दिवस दिनेश.

१३ मे. सकाळी सहाला मी चार नंबरचं शटर उघडलं. ते गंजलं होतं, तेल सोडून दोघांनी ओढावं लागलं. आतून सिमेंटची रिकामी पोती, मेलेली पाल आणि धूळ निघाली. झाडलं, धुतलं, खाट लावली, पंखा जोडला, मागे नळाखाली ड्रम ठेवला. मग मास्तरांना ज्यांनी खाली नेलं होतं त्याच चौघांना हाक मारली. आईला पांढऱ्या खुर्चीत बसवलं. कमरेला धोतर बांधावंच लागलं, नाही तर वळणावर ती पुढे झुकली असती. आई म्हणाली, "हळू नेजा रे. मी अजून बसेल हावो, निजेल नाही." वळणावर तिचा दंड भिंतीला घासला आणि कातडी निघाली. त्याच नऊ इंचांपायी.

खाली खुर्ची टेकवली. तिने पाय जमिनीवर ठेवले, चपलेविना, आणि आजूबाजूला पाहिलं.

"दार कुठं हाय?"

"शटर आहे, आई."

"मंग थे अर्धं पाड. ऊन येऊन राह्यलं."

मी शटर अर्धं खाली ओढलं. त्याच्या वरच्या चौकटीवर बोर्ड होता, गाळा भाड्याने देणे आहे, आणि खाली माझा पुण्याचा नंबर. पक्कड आणून बोर्ड काढला. तेवढ्यात मागे नळाच्या पाइपने हवा फेकली आणि पाणी यायला लागलं. दिनेश हात पुसत आला.

"ताई, तुही गाडी किती वाजताची हाय?"

मी मागे जाऊन पाइप ड्रममध्ये सोडला. म्हटलं, "तिकीट रद्द कर. आज नळ आहे."