साडेचारची घंटा

खांडबाऱ्याहून आत, डोंगराच्या बाजूला असलेल्या आश्रमशाळेत मी मुलींची अधीक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्यासोबत मला एक छापील वेळापत्रक मिळालं. पहाटे साडेचारला घंटा, पाचला प्रार्थना, सव्वापाच ते सात अभ्यास. रात्री दहाला दिवे बंद. मी ते दारामागे चिकटवलं आणि पहिले चार महिने इमानदारीने पाळलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्याच्याविरुद्ध भांडले ते काम आधी मीच करत होते. पांघरुणं ओढून दहा-बारा वर्षांच्या मुलींना उठवत होते.

दिवाळीची सुट्टी संपवून मुली परत आल्या तेव्हा चांगल्या टवटवीत होत्या. पंधरा दिवसांत आजारी खोलीतल्या खाटा भरल्या. सर्दी, खोकला, बारीक ताप, तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा. एक मुलगी बरी होऊन बाहेर पडली की दुसरी तिच्या जागी येई. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मी कपाटात रांगेने लावत होते आणि थंडीच आहे, चालायचंच, असं स्वतःला समजावत होते.

मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर तपासणीला आल्या. वयाने माझ्याहून लहान, बोलायला कमी. त्यांनी एकेकीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि बऱ्याच जणींना लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळीवर लगेच चहा देऊ नका, आवळा किंवा लिंबू द्या, असं सांगितलं. हात कशाने धुतात, पाणी कुठलं पितात, हे विचारलं. सगळ्याची उत्तरं माझ्याकडे होती. शेवटी त्यांनी विचारलं, मुली झोपतात किती? मी त्यांच्यासमोर बोटांवर मोजलं. जेमतेम साडेसहा तास.

"या वयाला नऊ तास लागतात," त्या म्हणाल्या. "झोप नसेल तर शरीर आजाराशी लढणार कशाच्या जिवावर? गोळ्या मी देते. झोप तुम्हाला द्यावी लागेल."

मी त्याच दुपारी मुख्याध्यापकांकडे गेले. मुलींना निदान सहापर्यंत झोपू द्यावं आणि रात्री नऊलाच दिवे बंद करावेत, अशी विनंती केली. सर वाईट माणूस नव्हते. ते स्वतः कोरडवाहू गावातून आलेले, पहाटे चारला कंदिलापाशी बसून शिकलेले. आपण जसे वर आलो तसंच सगळ्यांना वर येता येईल, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि निकाल घसरला तर जबाबदार कोण, असं विचारलं. मी म्हणाले, तापाने फणफणलेली मुलगी पेपरात काय लिहिणार? एरवी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलणारे सर एकदम घरच्या बोलीवर आले.

"ताई, हाई शाळा शे, तुमनं माहेर नही."

मीही याच भागातल्या रनाळ्याची. ती बोली माझ्याही घरची. त्यामुळे ही शाळा आहे, तुमचं माहेर नाही, हे वाक्य जरा जास्तच लागलं.

आजारपणावर सरांनी त्यांचा उपाय काढला. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरीचे डबे शाळेला भेट द्यायचं कबूल केलं होतं. छोटा कार्यक्रम, व्यापाऱ्याचा सत्कार, मुलींच्या हातात डबे देऊन फोटो. डबे आधी माझ्या खोलीत येऊन पडले. मी एक उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिला घटक साखर होता. त्यानंतरची नावं मला वाचता आली नाहीत. मी डबा घेऊन सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, फोटो काढायचा तर काढा, पण हे मी मुलींना पाजणार नाही. सरांनी डबा उलटा करून मागची अक्षरं वाचली. कार्यक्रम झालाच नाही. पण मी त्यांच्या मनातून उतरले ती तेव्हापासून.

आता उतरलेच आहे तर पूर्ण उतरू, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून रात्री नऊला मी मुलींचे दिवे बंद केले. घंटा माझ्या हातात नव्हती. ती शिपाई वाजवायचा, सरांच्या हुकमाने, मुलांसाठी आणि मुलींसाठी एकदमच. म्हणून मी मुलींना सांगितलं की साडेचारची घंटा वाजेल, पण ती तुमची नाही. तुम्ही सहाला उठायचं. पहाटे घंटा झाली आणि मी वसतिगृहाच्या दारात शाल गुंडाळून उभी राहिले. आत कुणी उठलं नाही, पण कुणी झोपलंही नव्हतं. सगळ्या डोळे उघडे ठेवून, अंग आखडून पडल्या होत्या. सहावीतल्या एका मुलीने पांघरुणातूनच विचारलं,

"मॅडम, नंतर मारणार नाहीत ना?"

मी तिच्याजवळ बसले. नाही म्हणाले. चौथ्या-पाचव्या दिवशी घंटा वाजली तेव्हा आतून नुसता श्वासांचा आवाज येत होता. प्रार्थनेला मुली साडेसहाला, कोवळ्या उन्हात बसू लागल्या. मैदानाच्या त्या टोकाला सर उभे असत. बघत, पण जवळ न येता.

जेवणाची गोष्ट मला स्वयंपाकघरातल्या मावशींनी शिकवली. त्या जवळच्याच पाड्यावरच्या, घरी इथल्या कोकणा आदिवासींची कोकणी बोलणाऱ्या. मुलींसाठी त्या बटाट्याचा रस्सा आणि पातळ वरण रांधायच्या आणि स्वतः डब्यातली नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाची डाळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी खायच्या. एकदा मी त्यांच्याजवळ बसून तो डबा अर्धा संपवला. मग विचारलं, हे मुलींना का नाही? मावशी म्हणाल्या, आमचं खाणं शाळेत कोण लिहितं?

आहाराच्या सरकारी तक्त्यात 'हिरवी पालेभाजी' असे शब्द होते. कुठली, ते लिहिलेलं नव्हतं. आवारात शेवग्याची दोन झाडं होती. आम्ही तेवढ्या आधारावर सुरुवात केली. वरणात शेवग्याचा पाला पडू लागला, हरभऱ्याचा कोवळा पाला आला, बटाटा मागे सरला. वरण सांडून ताट विसळायला पळणाऱ्या मुली बोटं चाटू लागल्या. गोळी खाण्याआधी प्रत्येकीला आवळ्याची फोड.

आवळे आले ते पालकांकडून. रविवारी भेटायला येणारे आईबाप बाजारातून कुरकुरीत खाऊच्या पाकिटांच्या माळा आणायचे. एका आईच्या पदराखाली मात्र फडक्याची गाठोडी होती आणि ती मला पाहताच लपवू लागली. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, जंगलातलं आहे. गाठोडीत आवळे होते आणि भाजलेल्या शेंगा. इथे हसतील म्हणून पोरीला गुपचूप द्यायचे होते. मी एक आवळा तिथेच, सगळ्यांसमोर चावून खाल्ला आणि बसलेल्या पालकांना म्हणाले, पुढच्या वेळी पाकिटं नकोत, हे आणा. त्या बाईने पदर नीट केला आणि उरलेले आवळे स्वतःच्या हाताने वाटले. आपलंच खाणं लपवायला तिला कुणी शिकवलं, याचा राग मला आजही येतो. शिकवणाऱ्यांत मीही होते.

माघात कांजिण्या आल्या. एकीला, मग खोलीतल्या पाच-सहा जणींना. सर आजारी खोलीच्या दारात आले आणि शांतपणे म्हणाले, काय झालं तुमच्या झोपेचं आणि पाल्याचं? मला रात्रभर वाटत राहिलं की आपण खोट्या आशेवर मुलींना खेळवलं. सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, अहो, जेवणाने आणि झोपेने भिंत उभी राहत नाही. ज्यांना ही साथ लागायची त्यांना लागणारच. त्यातून त्या कशा उठतात ते बघा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही त्या मुलींना वेगळं ठेवलं, औषधं दिली, भरपूर निजू दिलं, नागलीची आंबील पाजली. सगळ्या उठल्या. पाल्याने कांजिण्या बऱ्या झाल्या, असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. पण आजारी खोलीतल्या बाकीच्या खाटा त्या महिन्यात रिकाम्या होत्या. आजारपणाच्या रजिस्टरात ते दिसत होतं.

तेच रजिस्टर पुढे कामी आलं. वरून तपासणीला साहेब आले. वेळापत्रकात परस्पर बदल केला म्हणून माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. सहकारी म्हणाले, चूक झाली असं दोन ओळींत लिहून टाका, मिटेल. मी दोन पानं लिहिली. दिवाळीनंतरची नोंद आणि माघातली नोंद शेजारी शेजारी उतरवली, डॉक्टरांचा सल्ला लिहिला, आणि शेवटी लिहिलं की चूक झालेली नाही, त्यामुळे दिलगिरी व्यक्त करता येत नाही.

परीक्षेत मुलींचे निकाल घसरले नाहीत. फार वरही गेले नाहीत. जूनमध्ये सरांनी नवं वेळापत्रक लावलं. त्यात उठण्याची वेळ साडेपाच होती, मुलांनाही. कारण विचारलं तर त्यांनी पावसाळ्यात पहाटे अंधार असतो असं सांगितलं. पावसाळा संपला, तरी वेळ तीच राहिली. आमच्यात त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. सहा नाही मिळाले, साडेपाच मिळाले. उरलेला अर्धा तास मी रात्रीच्या बाजूने काढून घेतला.

मला मात्र ताकीद मिळाली. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय वेळापत्रक बदलल्याबद्दल, अशी नोंद माझ्या सेवापुस्तकात आहे. अर्ज केलात तर निघेल, असं एका कारकुनाने मला आपुलकीने सांगितलं होतं. मी अर्ज केलेला नाही.