आधी तू सांग गा

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर आई-वडिलांनंतर मी वीज कंपनीतल्या माझ्या पहिल्या साहेबांचं नाव घेतो. इथे ते नाव लिहीत नाही. छापलेलं पाहून ते चिडतील आणि चार दिवस माझा फोन उचलणार नाहीत.

सकाळी नऊ वाजता नागपूरच्या आमच्या सेक्शन ऑफिसच्या अंगणात आम्ही आठ जण गोल करून उभे राहायचो. साहेब मनगटावरचं स्टीलचं घड्याळ काढून खिशात टाकायचे आणि आमच्यात जो सर्वांत नवा असेल त्याच्याकडे बोट दाखवायचे. "आधी तू सांग गा. आज कुठं धोका हाय?" मग त्याच्याहून जुना, मग त्याच्याहून जुना. साहेब सगळ्यांच्या शेवटी.

हे असं उलटं काहून, मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मी आधी बोललो का सारेच मुंडी हालवतात. माहा आवाज तं मले रोजच ऐकू येते."

साहेब स्वतः लाइनमनपासून चढत चढत सहाय्यक अभियंता झाले होते. त्यांचं इंग्रजी कच्चं होतं. वरिष्ठांची ईमेल ते मला मोठ्यानं वाचायला लावायचे आणि मध्येच म्हणायचे, "म्हंजे रागावला का खुश हाय, तेवढं सांग." हेल्मेट न घालणाऱ्यावर मात्र असे ओरडायचे की शेजारच्या चहावाल्याच्या हातातली गाळणी थांबायची.

त्यांचा एक नियम आमच्या ऑफिसबाहेर मी कुठेच पाहिला नाही. काम सुरू असताना कोणीही 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी हात थांबवायचे. कारण नंतर विचारायचं. एकदा शहरातल्या सदर भागाच्या बाजारात एका हेल्परला खांब हलल्यासारखा वाटला आणि तो 'थांबा' म्हणाला. खांब भक्कम होता. अर्धा तास गेला, दुकानदारांनी फोन करकरून डोकं उठवलं. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. साहेबांनी त्याला स्पेशल चहा पाजला आणि म्हणाले, "बरं केलं. अशा दहा वेळा चुकला तरी चालते."

मी मनात म्हटलं, असं कुठे ऑफिस चालतं का?

मी उमरेडचा. वडील हातमागावर बसायचे. माग बंद पडल्यावर बाजारात हमाली केली. घरात पदवी पाहिलेला मी पहिला माणूस, त्याच पदवीवर इथे कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेला. कागदावर माझा फार विश्वास होता. आमचं घर कागदानंच वर काढलं होतं.

मे महिन्यात अकरा हजार व्होल्टच्या एका लाइनीवर तडकलेलं इन्सुलेटर बदलायचं होतं. ती लाइन उपकेंद्रातून बंद करून घेऊन तसा लेखी परवाना आणायचा, त्याला आम्ही परमिट म्हणतो. ते काम माझं होतं. फाइलमधला नकाशा पाहून मी परमिट आणलं. महिन्यापूर्वी तो खांब दुसऱ्या लाइनीला जोडला होता. नकाशा जुना होता. मी कोणाला विचारलं नाही.

"लाइन बंद आहे, चढा," मी म्हटलं.

बाबारावभाऊ आमचे सर्वांत जुने लाइनमन. त्यांनी शिडीवर पाय ठेवला आणि तसेच राहिले. "थांबा. पल्याडची गिरणी सुरू हाय."

"ती दुसऱ्या लाइनीवर आहे, भाऊ. माझ्या हातात परमिट आहे."

"थांबा म्हनलं ना गा."

साहेब रस्त्यापलीकडे फोनवर बोलत होते. फोन तसाच खिशात टाकून ते आले. गाडीतून टेस्टरची लांब काठी काढली. मी ती काढलीच नव्हती. काठी तारेजवळ गेली आणि टेस्टर वाजायला लागला. तारेत वीज होती. गिरणी शांतपणे दळत होती.

 मी हातातलं परमिट घडी करून खिशात घातलं.

संध्याकाळी साहेबांनी वर पाठवायचा अहवाल मला दाखवला. माझी चूक लिहिली होती. त्याखाली, टेस्टर न लावता माणूस खांबापर्यंत जाऊ दिला, ही स्वतःची चूकही लिहिली होती.

"उद्या सकाळी गोलात तू सांगशीन," ते म्हणाले.

"तुम्हीच सांगा ना साहेब. मला कोणी मानणार नाही यापुढे."

"मी सांगतलं तं ते मले मानतीन. तुले त्याइच्यात राहाचं हाय."

सकाळी मी सांगितलं. कसं सांगितलं, आठवत नाही. "बाबारावभाऊ, काल तुम्ही नसता तर..."   मग बाबारावभाऊ म्हणाले, "लेका, एवढे कागद वाचले, गिरणी नाही का ऐकू आली?" सगळे हसले. मीही हसलो आणि रडलोही. "चाल माह्यासंगं. कोनता पोल कोनत्या लाइनीचा, पायी फिरून दाखवतो." आठ दिवस उन्हात फिरून आम्ही दोघांनी नवा नकाशा काढला. खाली दोघांची नावं आहेत. आजही तोच वापरतात.

साहेब निवृत्त होऊन मुलीकडे गेले. त्यांच्यानंतर त्या अंगणात गोल भरतो की नाही, मला माहीत नाही. माझी बदली कामठीकडे झाली. एक सेक्शन आता माझ्या हाताखाली आहे. मागच्या आठवड्यात मी त्यांना हे पत्र टाकलं:

"आदरणीय साहेब, सा. न.

तब्येत बरी असेल. माझ्याकडे आता अकरा माणसं आहेत. काल वरच्या ऑफिसातून बदलीचा एक अर्ज माझ्या संमतीसाठी आला. बाबारावभाऊंचा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं, घराजवळची जागा सोडून त्यांना इथे यायचं आहे. रोज बसनं ये-जा करावी लागेल. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'कामठीच्या साहेबाच्या हाताखाली पोलवर चढाले भेव वाटत नाही.'

मी तो कागद तीनदा वाचला आणि सही केली. सोमवारी ते रुजू होतात."