सात नंबरची झोपडी

गोजरबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडत होतो मी. त्या कचेरीच्या ओट्यावर भाजीची टोपली टेकवून नुसत्या उभ्या होत्या आणि मी काहीही सांगितलं की 'का' एवढं एकच विचारत होत्या, "पण काऊन?"

मी तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी जंगल खात्याच्या एका रेंज कचेरीत कारकून होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं. हुकूम नागपुरातून निघायचे आणि आमच्या टेबलावर येईस्तोवर आणखी कडक झालेले असायचे. मी मूळचा नांदुऱ्याचा, घरामागून आगगाडी जाणाऱ्या गावात वाढलेला. डोंगर पायी चढण्यात लोकांना काय सुख वाटतं हे मला कधी कळलं नाही. जंगल खात्यात चार वर्षं काढूनही मी जंगल पाहिलं ते कागदावरच, आणि या गोष्टीचा मला थोडा अभिमानसुद्धा होता.

त्या वर्षी हुकूम आला की राखीव जंगलातली प्रत्येक विनानंबरी झोपडी होळीच्या आत जाळून टाकावी. वणव्याच्या दिवसांत पहारेकऱ्यांना रात्रीचा आसरा म्हणून खात्याच्या अकरा झोपड्या डोंगरात होत्या. प्रत्येकीच्या दाराशेजारी डांबरानं नंबर काढलेला. नवा बदलून आलेला गार्ड उकंडराव फिरून आला आणि त्यानं सांगितलं की सात नंबर कुठं सापडत नाही. शिवाय पिंपळखुटीच्या खिंडीत एक झोपडी आहे, तिला नंबरच नाही. मी लिहिलं, 'सात नंबर पडली असावी.' त्याच्याच खाली लिहिलं, 'पिंपळखुटी, बेकायदा, जाळावी.' दोन्ही ओळी एकाखाली एक, माझ्या वळणदार अक्षरात. शाळेतल्या पोरानंही दोन आणि दोन चार केले असते. मला ते सुचलं नाही. रेंजर हिंमतराव दौऱ्याच्या गडबडीत होते, त्यांनी न वाचता सही केली आणि घोड्यावर बसले.

आठवडी बाजारात ही बातमी फुटली आणि गोजरबाई कचेरीत आल्या. माळ्याच्या घरातली बाई, बाविसाव्या वर्षी नवरा गेलेला. नाल्याकाठच्या सासरच्या तुकड्यात वांगी, मिरच्या, कांदे लावायच्या आणि दर पंधरवड्याला टोपली डोक्यावर घेऊन वरच्या पठारावरल्या कोरकू वस्त्यांवर जायच्या. भाजी द्यायची, बदल्यात डिंक, चारोळी, मध घेऊन उतरायचं. ओझ्यासकट ती चढण एका दिवसात होत नाही. मुक्काम त्या खिंडीतल्या झोपडीत. असं दहा वर्षं चाललं होतं.

"झोपडी बेकायदा आहे, बाई."

"काऊन? ते त खात्याचीच आहे."

"नंबर कुठाय तिला?"

"ते मले काय माहीत? तुमी पाहाले या ना, बाबू. न पाहता कोणाचं घर जाळता काय?"

या वाक्यानं मी आणखी चिडलो. पण रेंजरसाहेब परत यायला चार दिवस होते, आणि जाळायच्या कागदाला कारकुनाचा पाहणीचा शेरा लागत होता. झक मारत निघालो.

जेवणं उरकून आम्ही निघालो, त्या, त्यांची थोरली जाऊ तानुबाई आणि मी. दोघींच्या डोक्यावर भरलेल्या टोपल्या. माझ्या हातात फक्त छत्री, आणि मागे राहिलो तो मीच. पहिल्या चढालाच नव्या बुटानं टाच सोलली. मी खात्याला, हुकमाला, बूट विकणाऱ्याला आलटून पालटून शिव्या घालत होतो. गोजरबाई मागे न पाहता म्हणाल्या, "बाबू, बोलू नोका. दम पुरवा." तानुबाई पदर तोंडाला लावून हसली. ते मला दिसावं अशाच बेतानं हसली असावी.

साग झडून गेले होते, पळस फुलून आला होता. अस्वलाच्या वाटेवर आल्यावर गोजरबाई काठी दगडावर आपटत चालू लागल्या आणि मी बोलणं खरंच बंद केलं. दिवस मावळता मावळता खिंडीत पोचलो.

मी मोडकं खोपट बघायच्या तयारीनं गेलो होतो. बघितलं तर कुडाच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या, जमीन शेणानं सारवलेली, कोपऱ्यात सुकी लाकडं रचलेली, मडकं भरून त्यावर झाकण. वाटेवरचा रिवाजच तसा होता. जो राहील त्यानं जाताना पुढच्यासाठी लाकडं आणि पाणी ठेवून जायचं. कोरकू ठेवत, मधवाले ठेवत. सारवणाची भर गोजरबाईंची. दर मुक्कामाला जमीन आणि दर दिवाळीला भिंती. माझी नांदुऱ्याची खोली इतकी स्वच्छ कधी नव्हती, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

बायका आत झोपणार, मी बाहेर पडवीत शेकोटीजवळ. भाकर-झुणका खाताना मी विचारलं, "एवढी तंगडतोड कशाला करता? खाली बाजारात भाजी खपत नाही?"

"खपते ना."

"मग?"

त्यांनी तानुबाईकडे पाहिलं. तानुबाई म्हणाली, "सांग वो. मले का माहीत नाही?"

"बाबू, सासरी आमी अकरा जण. चांगले लोक आहेत, कोणी हात लावत नाही, कोणी उपाशी ठेवत नाही. पण त्या घरात मले कोणत्याच दाराले आतून कडी लावता येत नाही. रांडमुंड बाई, कडी लावून काय करून राह्यली, असं होते. अठी आली का मी कडी लावतो. सकाळी मीच काढतो." जरा थांबून म्हणाल्या, "झोपडी जाळली त मी खाली भाजी विकीन. मरणार नाही. पण हे नाही राह्यणार."

माझ्या एका ओळीचं वजन मला पहिल्यांदा कळलं आणि मला लाज वाटली. आतून कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा मी शेकोटीत लाकूड सरकवलं आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

उजाडल्यावर पाहिलं तर खाली सगळा पयनघाट, वऱ्हाडचा तो सपाट मुलूख, धुक्यात बुडालेला आणि पार दूर एक धुराची बारीक रेघ सरकत होती. ती नांदुऱ्याची गाडी. चार वर्षं डोंगराखाली बसून मी याला मुकलो होतो. टाचेची सोललेली कातडीसुद्धा विसरलो, हे कबूल करायला हवं.

मग कामाला लागलो. दाराशेजारची भिंत पाहिली. पांढरीशुभ्र. मी सहज विचारलं, "इथं कधी काळं काही होतं का हो, डांबराचं?"

गोजरबाईंचा चेहरा उतरला. "होतं ना. पयल्या वर्षी. दाराच्या बाजूले असं काळं लागेल होतं. मले वाटलं कोणी पोरानं काहीतरी माखलं. धुतलं त जाये ना. दिवाळी आली, घर तसं ठेवावं काय? म्याच लिपलं." त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सरकारी नंबर त्यांनी दहा दिवाळ्या डाग म्हणून झाकला होता.

"सरकारचं होतं काय ते?"

"हो."

"मंग मले धरतीन काय?"

मी काही म्हणायच्या आत त्यांनी कंबरेचा विळा काढला आणि भिंत खरवडायला लागल्या. पांढरी माती, खाली शेण, पुन्हा पांढरी माती, पुन्हा शेण. दहा वर्षांचे पापुद्रे पायाशी पडत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, कदाचित धुळीनं, पण मला तसं वाटलं नाही. तळाशी डांबर लागलं आणि हळूहळू आकडा मोकळा झाला.

"सात," मी म्हणालो.

"मंग वाचली?"

मी "वाचली" म्हणालो, तानुबाईनं टोपली उचलली आणि दोघी पठाराकडे आनंदानं निघून गेल्या. मी मात्र उतरताना भलत्याच विचारात होतो. झोपडी खात्याची ठरली म्हणजे खात्याचा नियमही तिला लागला, आणि तो नियम मीच नक्कल करून कचेरीच्या भिंतीवर चिकटवला होता. खात्याच्या नोकराशिवाय कोणी तिथं रात्री राहायचं नाही. जळाली असती तरी त्यांची गेली असती आणि वाचली तरी त्यांची जाणार होती.

हिंमतराव आल्यावर मी सगळं सांगितलं. सात नंबर न पाहता पडकी लिहिली ती चूक माझी, हेही सांगितलं. त्यांनी कागद वाचला, या खेपेला खरंच वाचला, आणि म्हणाले, "वामनराव, पिंपळखुटीत मी तीन वर्षं मुक्काम करतोय. ते सारवण कोण करतं?"

"गोजरबाई."

"आणि पाणी?"

"जो राहील तो. पण बहुतेक त्याच."

हिंमतरावांनी कागद खाली ठेवला. "जुन्या गार्डाला मी त्या झोपडीबद्दल दरवर्षी शाबासकी दिली," ते म्हणाले. "आणि तो मुकाट्यानं घेत गेला."

मी धीर करून म्हणालो, "सात नंबरला पाणक्याची जागा रिकामी आहे, साहेब. ती दिली तर बाई खात्याच्या होतील. राहू शकतील."

"बाईमाणूस कधी ठेवलेलं नाही."

"ठेवलेलं आहे, साहेब. दहा वर्षं. आपण नाव लिहिलं नव्हतं."

एवढं बोलून मी माझ्याच धीटपणाला घाबरलो. पण त्यांनी टाक उचलला.

पुढच्या बाजाराला गोजरबाई आल्या तेव्हा मी त्यांना नेमणुकीचा हुकूम वाचून दाखवला. त्या ओट्यावर खाली बसल्या. टोपलीतली एक मिरची उचलून ती उगाच फिरवत राहिल्या.

"म्हणजे आता ते सरकारची, आन् मी बी सरकारची?"

"तसंच समजा."

"मंग आता सारवाले कोणाले विचारा लागन काय?"

"नाही."

"आन् कडी लावाले?"

"नाही, गोजरबाई. आतली कडी तुमचीच."

त्या उठल्या, टोपली डोक्यावर घेतली. "मंग मी उद्याच निघतो," म्हणाल्या, "भिंत खरवडून तशीच सोडून आली मी. कोणी आलं त काय म्हणन?"

"तो सात तेवढा झाकू नका."

"नाही झाकत. पण त्याच्या भोवतून पांढरी रेघ ओढीन. उघडा बरा नाही दिसत तो."