मॉनिटरमधलं व्हायोलिन

आमच्या बँडमध्ये आम्ही पाच जण. एक गायक, एक गायिका, ऑक्टोपॅडवाला, कीबोर्डवाला आणि रेल्वेतून रिटायर झालेला व्हायोलिनवाला मी. कीबोर्डवाला आमचा लीडर. तो गुजराती, माझ्याच वयाचा, तीस वर्षांपासूनचा दोस्त. आम्ही जुनी हिंदी गाणी वाजवतो, लग्नाच्या रिसेप्शनला नाहीतर सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमाला. लोक आम्हाला 'म्युझिकवाळा' म्हणतात आणि आमच्याकडे पाठ करून जेवतात. वासणा भागातल्या एका सोसायटीत ऐन अंतऱ्यात एका काकांनी गायिकेच्या हातातून माइक काढून घेतला, कुणाची तरी पांढरी गाडी गेटात आडवी लागली होती म्हणून. गाडी निघेपर्यंत आम्ही सगळे नुसते उभे. असल्या वेळी वाटतं, झक मारली आणि व्हायोलिन शिकलो.

पण मग एखादा दिवस असा येतो की सगळं विसरायला होतं. गेल्या हिवाळ्यात हरणी भागातल्या एका कार्यक्रमात माझा पीस, म्हणजे दोन कडव्यांमधला व्हायोलिनचा तुकडा, वाजून झाला. गाणं संपल्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत स्टेजपाशी आले. माझा हात धरून म्हणाले, "भाई, तमे तो मने रडावी दीधो." मी आठवडाभर हवेत होतो. खोटं कशाला बोलू, बायको गेल्यापासून माझ्याशी इतकं मायेनं कोणी बोललं नव्हतं.

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकला, आणि मी तो मोठ्या ऐटीत मुलीला पाठवला. ती कॅनडात असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. बाकी सगळं छान आहे म्हणाली, पण बाबा, तुमचा हात आणि आवाज जुळत नाहीयेत, व्हिडिओतच काहीतरी गडबड असेल.

मी चष्मा चढवला, इअरफोन घातले आणि सात-आठ वेळा तो पीस पाहिला. माझा गज थांबलाय आणि सूर मात्र लांबतोच आहे. मग नजर लीडरकडे गेली. त्याचा उजवा हात पट्ट्यांवर चालत होता. कीबोर्डमध्ये व्हायोलिनचा आवाज असतोच, बटण दाबलं की झालं. वाजत होतं ते त्याचं. आजोबांना रडवलं त्यानं, आणि हात धरला माझा.

मग मला इतके दिवस कळलं कसं नाही? तर स्टेजवर आमच्या पायाशी मॉनिटर असतो, ज्याचं त्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला छोटा स्पीकर. त्यातून माझं व्हायोलिन मला खणखणीत ऐकू येत होतं. साऊंडवाल्यानं तेवढंच चालू ठेवलं होतं. लोकांकडच्या स्पीकरमध्ये मी बंद.

अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणून सांगू! गुरुवारी संध्याकाळी आमची रिहर्सल असते, फतेगंजला, लीडरच्या घरी. बाकीचे यायच्या तासभर आधीच जाऊन धडकलो. काय काय सुनावायचं ते रिक्षात घोकून ठेवलं होतं, अस्सल गुजराती शिव्यांसकट. त्याच्यापुढे फोन धरला. त्यानं व्हिडिओकडे पाहिलंसुद्धा नाही.

तीस वर्षं आम्ही दोघं गुजरातीतच बोलत आलोय. माझ्या घरी येऊन येऊन त्याला मराठी येतं, पण ते तो फक्त माझ्या बायकोशी बोलायचा. त्या दिवशी तो माझ्याशी मराठीत बोलला.

"तुझा सूर उतरतो आता," तो म्हणाला. "तुला ऐकायला नाही येत. वहिनी गेली त्याच्यानंतर चालू झालं. मी तुला कसा सांगू?"

घोकलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. डाव्या कानाचं मला माहीत होतं. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, वरच्या मजल्यावरून तक्रारी येत होत्या. पण सुराचं असं होईल हे कधी मनात आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि मी दाबून टाकलं असेल, कोण जाणे. म्हणजे बायको गेल्यापासूनचं दीड वर्ष तो दोघांचं एकटा वाजवत होता आणि टाळ्यांना मला पुढे ढकलत होता. मला राग यायला हवा होता. आलं ते रडू, तेही त्याच्यासमोर, आणि भयंकर लाज वाटली.

त्यानं पाणी आणून दिलं आणि विचारलं, आता काय करायचं. त्याला वाटत होतं मी बँड सोडणार. रिक्षात मीही तेच ठरवून आलो होतो. पण सोडल्यावर गुरुवारी जायचं कुठे? घरी गुरुवार काय, शुक्रवार काय, सगळे सारखेच. दूधवाला सोडला तर दाराची बेल कोणी वाजवत नाही.

"माझा आवाज बंदच राहू दे," मी म्हटलं. "मॉनिटरपण काढून टाक. पण मला बोलवत जा."