दुपारी पोचलेला वाघ
फोनवर अपडेट मागणारी पाटी आली की मला शेणाचा आणि ओल्या गवताचा वास येतो, आणि सेमाडोहची ती सकाळ आठवते. मी तिथं जंगलातल्या कॅमेऱ्यांच्या कामावर नवीनच लागलो होतो. नाल्याजवळच्या कॅमेऱ्यात वाघ आला होता. गावातल्या गाई मारणारा तो हाच असेल, तर नाल्यापलीकडं गुरं सोडायची नव्हती. अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी जुळवून ते अमरावतीच्या ऑफिसातले लोकच सांगू शकत होते, आणि फोटो पाठवायचं सॉफ्टवेअर सारखं अडत होतं. फोन लावला तर तिकडचा माणूस म्हणाला, “आमी काल नवीन व्हर्जन टाकलं ना भाऊ, ते तुमच्या जुन्याचं काही घेऊनच नाही राहिलं.” नवीन उतरवायला घेतलं, ते आमच्या रडक्या लाइनवर रखडलं. खिडकीशी गुराखी उभा होता. “साहेब, ढोरं कालपासून बांधून हायेत. किती वेळ थांबू मी?” मी म्हणालो, थोडं थांबा. तो बराच वेळ थांबला. मग गुरांच्या घंट्यांचा आवाज नाल्याकडं उतरत गेला. दुपारी उत्तर आलं: तोच वाघ, गुरं सोडू नका. संध्याकाळी गुराखी परतला, एक कालवड मात्र परतली नाही. मी उत्तर सांगितलं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, काठी उचलली आणि गेला. आता दोन्हीकडं एकच व्हर्जन आहे, उत्तर लगेच येतं. मी ते वाचतो, खिडकी उघडीच असते, पण विचारायला कोणी येत नाही.